सोयाबीनच्या मुळावरची गाठ चिरून कशी पाहावी

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी पाहायच्या असतील तर पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी, पीक फुलावर येण्याच्या सुमारास पाहाव्यात. झाड कधीही उपटू नये, कारण उपटताना बऱ्याच गाठी मातीतच राहतात आणि बियाण्याला लावलेले रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतला नत्र बांधणारे जिवाणू) वाया गेले, असा चुकीचा समज होतो. जमीन ओली असताना खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह झाड उचलावे आणि माती आपोआप सुटेपर्यंत बादलीतल्या पाण्यात ठेवावे.

गाठ मुळाच्या अंगाला चिकटलेली असते व नखाने सहज सुटते. मूळच फुगलेले असेल आणि तो फुगवटा मूळ तोडल्याशिवाय निघत नसेल, तर ते काम सूत्रकृमींचे समजावे.

गाठ नव्या ब्लेडने मधोमध चिरून लगेच रंग पाहावा. गुलाबी-लालसर रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, म्हणजे गाठ काम करत असते. नत्र बांधणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. म्हणून मुळाच्या पेशी हे प्रथिन भरपूर तयार करून मोकळा ऑक्सिजन अत्यल्प ठेवतात आणि तरीही तो जिवाणूंपर्यंत पोहोचवत राहतात. आतून पांढरी गाठ कोवळी असू शकते, तेव्हा आठवड्याने दुसरे झाड पाहूनच मत बनवावे. हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपत आलेले असते.

शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाल्यास पारदर्शक वाटेल इतका पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावा. मधल्या भागात फुगलेल्या, गच्च भरलेल्या पेशी दिसतात. त्यांतले हजारो जिवाणू वनस्पतीनेच तयार केलेल्या पातळ पटलाच्या पिशव्यांत असतात, म्हणजे पेशीत राहूनही पेशीद्रव्यापासून वेगळे. या फुगलेल्या पेशींच्या मधल्या लहान, रिकाम्या वाटणाऱ्या पेशी बिनकामाच्या नव्हेत. बांधलेल्या नत्रापासून पानांकडे पाठवायची युरिआइड संयुगे बनवण्याचा शेवटचा टप्पा बराचसा तिथेच पार पडतो.

सुरुवातीचे बदल मात्र या कापात सापडणार नाहीत. जिवाणूच्या रासायनिक संकेताने मूलरोमाचे टोक वळणे, त्यातून संसर्गतंतू (जिवाणूंना आत नेणारी बारीक नळी) आत सरकणे आणि तो पोहोचण्याआधीच आतल्या पेशींचे विभाजन सुरू होणे, हे सारे कोवळ्या मुळात घडून गेलेले असते. भुईमुगात तर हा तंतू शोधूच नये. तिथे जिवाणू उपमुळे फुटताना पडलेल्या फटींतून शिरतात.