फटाक्याच्या खोक्यावर काय छापावे आणि कसे

फटाक्याचे लेबल बहुतेक कारखान्यांत चित्रापासून सुरू होते. आधी चित्रकार वाघ, मोर किंवा आकाशातली आतषबाजी काढतो, मग नाव ठरते आणि कायद्याने सांगितलेला मजकूर उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसवला जातो. हा क्रम उलटा करावा. लेबलाचा मजकूर दारू मिसळण्याच्या खोलीत ठरतो, छापखान्याने तो फक्त कागदावर उतरवायचा असतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावांत घरोघरच्या कसबातून वाढलेले कारखाने आहेत, आणि त्यांच्यासारख्या लहान उत्पादकांसाठीच हे लिहीत आहे. परवाना एका वेळी १५ किलोपर्यंतच्या उत्पादनासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून घेतलेला असो, की त्याहून मोठ्या क्षमतेसाठी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडून, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडून, खोक्यावरच्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी उत्पादकाचीच असते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात प्रत्येक उत्पादकाला दोन गोष्टी खोक्यावर नमूद करायला सांगितल्या: फटाक्यातील रासायनिक घटकांचा तपशील आणि तो स्फोटके विभागाने (‘पेसो’चे जुने नाव) ठरवलेल्या निकषांत बसतो असे निवेदन. म्हणून लेबलाचा पहिला मसुदा लिहिताना मंजूर झालेल्या मिश्रणाचा कागद समोर ठेवावा आणि घटकांची नावे त्यावरून जशीच्या तशी उतरवावीत. कामगारांच्या बोलण्यात ‘सोरा’ असला तरी खोक्यावर पोटॅशियम नायट्रेट लिहावे, आणि गंधक, ॲल्युमिनियम पावडर, कोळसा यांपैकी जे खरोखर वापरले असेल तेवढेच लिहावे. मागच्या वर्षीच्या लेबलावरून किंवा दुसऱ्या कारखान्याच्या खोक्यावरून हा तपशील उचलणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण त्यांचे मिश्रण आपले नसते.

फुलबाजीचे उदाहरण घेऊ. पूर्वी फुलबाजीच्या लेपात बेरियम नायट्रेट सर्रास असे, आणि हिरव्या ज्योतीसाठीही बेरियमचेच क्षार वापरले जात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, जोडलेल्या फटाक्यांवर म्हणजे माळांवरही घातली, आणि कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांचीच वाट मोकळी ठेवली. पुढे काही उत्पादकांच्या खोक्यांवरचा मजकूर आणि आतला माल जुळत नसल्याची बाब न्यायालयासमोर आली आणि २९ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात बंदी काटेकोरपणे पाळण्यास पुन्हा बजावण्यात आले. पिंपात बेरियम आणि खोक्यावर पोटॅशियम अशी स्थिती असेल तर बंदी मोडल्याच्या जोडीला खोटे निवेदन केल्याचा दोषही माथी येतो. भाजलेल्या मुलावर उपचार करणारा डॉक्टर किंवा आग विझवायला आलेला जवान हाच मजकूर खरा धरून चालतो, हे छपाईला मंजुरी देताना ध्यानात असावे.

आवाजाची मर्यादा १९९९ पासून ठरलेली आहे: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) शिखरपातळी. एआय आणि सी या आवाज मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. यापेक्षा मोठ्या आवाजाच्या फटाक्याचे उत्पादन, विक्री आणि वापर या तिन्हींवर बंदी आहे. ‘ध्वनिमर्यादेत’ हे शब्द चाचणीचा अहवाल हाती आल्यावरच छापावेत.

हरित फटाक्याचे चिन्ह आणि क्यूआर कोड नागपूरच्याच ‘नीरी’, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या व्यवस्थेतून येतात. ज्या उत्पादनाची नोंदणी आणि चाचणी झाली असेल, त्याच उत्पादनाच्या खोक्यावर ते छापावेत. भुईनळ्याला मिळालेला कोड भुईचक्रावर चालत नाही. छपाईची नमुना प्रत (प्रूफ) आली की कोड मोबाइलने स्वतः वाचून पाहावा. चकचकीत सोनेरी कागदावर किंवा खोक्याच्या घडीवर छापलेला कोड अनेकदा वाचलाच जात नाही.

यानंतर वैधमापनशास्त्राचा (वजन-मापांच्या कायद्याचा), म्हणजे पाकीटबंद मालासाठीच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांचा मजकूर येतो: उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति नग विक्री किंमत आणि ग्राहकाने तक्रार कुठे करावी याचा दूरध्वनी व ईमेल. ‘दिवाळी धमाका’ हे सर्वसाधारण नाव होत नाही, ‘फुलबाजी, १५ सेंमी, १० नग’ असे स्पष्ट हवे. किंमत वाढवण्यासाठी वरून चिकटपट्टी लावता येत नाही. कमी करायची असल्यास लावता येते, पण तिने मूळ किंमत झाकू नये. हा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो आणि मराठी त्याच्या जोडीला छापता येते. अक्षरे देवनागरी असली म्हणजे मराठी पुरेल असे अनेकांना वाटते, ते बरोबर नाही.

सुरक्षेच्या सूचना मात्र मराठीत द्याव्यातच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण खोके उघडणारा बहुधा शाळकरी मुलगा असतो. ‘सावधगिरी बाळगा’ या सूचनेतून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी हाताने काय करायचे ते सांगावे. भुईनळ्यावर लिहावे: ‘सपाट जमिनीवर ठेवा. वाकून तोंड जवळ नेऊ नका. लांब उदबत्तीने वात पेटवा आणि लगेच मागे सरा. विझला तर पुन्हा पेटवू नका, थोडा वेळ थांबून पाणी ओता.’ फुलबाजीवर एक वाक्य न विसरता हवे: ‘विझल्यावरही तार तापलेली असते, ती पाण्याच्या बादलीत टाका.’ अनवाणी पायाखाली आलेल्या अशा तारेचा चटका कुणाला लागला नाही असे घर विरळाच. ही सूचना खोक्याच्या तळाशी न छापता जिथून झाकण उघडते त्या बाजूला छापावी.

चित्राकडे आता वळावे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची नावे किंवा चित्रे व्यापारासाठी केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या कायद्याने मनाई आहे, आणि राष्ट्रध्वजालाही ती लागू आहे. लक्ष्मीचे चित्रही टाळावे. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चित्राच्या चिंध्या रस्त्यावर केरात पडलेल्या पाहून आपल्याच गिऱ्हाइकाच्या मनाला लागते.

बाहेरच्या मोठ्या खोक्याचा वाचक वेगळा असतो: हमाल, गोदामवाला, ट्रकचालक, तपासनीस. स्फोटके नियम, २००८ नुसार त्यावर ठळक, न पुसणाऱ्या अक्षरांत ‘स्फोटके’ हा शब्द, मंजूर नाव, वर्ग व विभाग, उत्पादक, निव्वळ व एकूण वजन, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक असावा. तयार फटाके वर्ग ७, विभाग २ मध्ये मोडतात. पावसात भिजून फिकी पडणारी शाई इथे वापरू नये.

निर्यातीच्या मालासाठी २००५ च्याच निकालाने वेगळ्या रंगाचे आवेष्टन आणि ‘भारतात विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचे निवेदन सांगितले आहे. समुद्रमार्गे जाणाऱ्या खोक्यावर नारिंगी चौकटीचे आंतरराष्ट्रीय धोकाचिन्ह आणि त्या मालाचा संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) यादीतला क्रमांक लागतो, उदाहरणार्थ १.४ जी या कमी धोक्याच्या गटातल्या फटाक्यांसाठी यूएन ०३३६. युरोपीय संघात फटाक्यांची धोक्यानुसार एफ १ ते एफ ४ अशी चढती वर्गवारी आहे. त्यांपैकी एफ १ ला १२, एफ २ ला १६ आणि एफ ३ ला १८ वर्षे अशी किमान वयोमर्यादा असून ती त्या देशाच्या भाषेत छापावी लागते.

मिश्रणात एक घटक जरी बदलला तरी लेबल बदलते. त्या दिवशी जुन्या लेबलांचे गठ्ठे मोजून रद्द करावेत, ‘संपेपर्यंत वापरू’ असे म्हणून मांडणीवर ठेवू नयेत. नवे लेबल छापून आले की त्याची एक प्रत बॅचच्या नोंदवहीत, त्या दिवशीच्या मिश्रणाच्या नोंदीशेजारी चिकटवावी आणि दोन्हींवर एकाच माणसाने सही करावी.