मराठी साइट वाचायला सोपी कशी करायची
ओपन सोर्स थीम (साइटचा तयार साचा, ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) घेतली की सगळ्यात आधी लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य करा, कारण बऱ्याच थीम रोमन अक्षरं धरून बनवलेल्या असतात आणि स्पेसिंग वाढवलं की आपली शिरोरेघ तुटते, शब्द सुटासुटा दिसतो, मला तर ते बघवतच नाही. मग लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात. फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ घ्या, फुकट आहे, लायसन्सही ओपन. फिकट राखाडी अक्षरं नकोतच, अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजेडाचा फरक) किमान ४.५:१ हवा. झालं की साइट आईच्या फोनवर उघडून द्या, काही सांगू नका, ती कुठे अडखळते तेवढं बघा आणि तेच आधी दुरुस्त करून थीमच्या प्रोजेक्टला पॅच (दुरुस्त केलेला कोड) पाठवा.