स्वस्तातला कीबोर्ड महागड्याच्या तोडीचा आहे का, हे दुकानात उभं राहून कसं तपासायचं

"कॅसिओ घेऊ की यामाहा, आणि रोलंड-कॉर्गवाले एवढे पैसे नक्की कशाचे घेतात?" पोराला कीबोर्डचा क्लास लावला की हा प्रश्न येतोच. मग उत्तर देणारे दोन प्रकारचे भेटतात, एक म्हणतो कॅसिओ म्हणजे खेळणं, दुसरा म्हणतो सगळे सारखेच, नुसते नावाचे पैसे, आणि दोघांनीही दोन कीबोर्ड शेजारी ठेवून वाजवलेले नसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. आवाजाच्या बाबतीत स्वस्तवाल्यांनी बरंच अंतर कापलंय. पट्ट्यांचा हात, आउटपुट, स्टाइल्स (म्हणजे मागे आपोआप वाजणारी ठेक्याची साथ) ह्यात अजून फरक आहे, आणि तो तुम्हाला जाणवणार की नाही हे तुम्ही काय वाजवणार त्यावर आहे. म्हणून नाव झाकून मॉडेल तपासायचं कसं, तेवढंच लिहितोय.

पण आधी त्या खेळण्याच्या शिक्क्याबद्दल थोडं. कॅसिओ मूळची कॅल्क्युलेटरवाली कंपनी, १९८० ला कॅसिओटोन २०१ घेऊन वाद्यांमध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी व्हीएल-१ नावाचं असलं यंत्र काढलं की जे कॅल्क्युलेटर पण होतं आणि वाद्य पण, त्यामुळे लोक हसले तर त्यात नवल नाही. त्याच सुमाराचा एमटी-४० बघा, घरगुती छोटा कीबोर्ड, त्यातले ठेके कंपनीत नव्यानेच लागलेल्या ओकुदा हिरोको या तरुण मुलीने बनवले होते, आणि १९८५ ला जमैकात त्यातल्या तयार 'रॉक' ठेक्यावर एक गाणं झालं आणि तिथून रेगे ह्या तिथल्या संगीताचा सगळा बाजच बदलला. अजून एक, यामाहाचा डीएक्स७ हा १९८३ चा, तेव्हा साधारण दोन हजार डॉलरचा, आणि दीड-दोन वर्षात कॅसिओने सीझेड-१०१ आणला पाचशे डॉलरच्या आत, पट्ट्या बारक्या, पण आत खराखुरा सिंथ, म्हणजे आवाज स्वतः घडवता येणारं यंत्र, आणि दुसऱ्या वाद्यांशी किंवा कॉम्प्युटरशी जोडायच्या मिडीसकट. स्टेजवाल्यांनी पण वापरला तो. म्हणजे स्वस्तवाला टक्कर देऊ शकतो का ह्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालंय, देऊ शकतो, पण सगळीकडे एकदम नाही, एखाद्या ठिकाणी घुसून देतो.

आता कामाचं.

दुकानात जायच्या आधी ठरवा कशासाठी हवाय. घरी भजन-भावगीत वाजवायचंय, ट्रिनिटीच्या (लंडनच्या कॉलेजच्या) संगीत परीक्षा द्यायच्यात, बेंजो पार्टीत उभं राहायचंय की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, चारही कामं वेगळी आहेत. परीक्षा असेल तर कुठल्या ग्रेडला कसा कीबोर्ड लागतो ते सिलॅबसमध्येच बघा, दुकानदाराला विचारू नका, तो जो स्टॉकमध्ये पडलाय तोच चालतो म्हणणार. आणि जाताना स्वतःचा हेडफोन, मोठ्या पिनचा कन्व्हर्टर आणि कपडे मोजायची टेप न्या. टेप कशाला म्हणाल तर ऑनलाइन तीन-चार हजाराला जे ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात त्यातल्या काहींच्या पट्ट्या अरुंद असतात आणि फोटोत ते कळत नाही. सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरल्या पाहिजेत, कमी भरल्या तर ते लहान मुलांसाठी ठीक, पण हात त्या मापाला बसला की नंतर मोठ्या कीबोर्डवर चुकतो.

मग टच. एकच पट्टी आधी हळू आणि मग जोरात वाजवा, आवाज तेवढाच राहिला तर टच रिस्पॉन्स नाहीये, किंवा सेटिंगमध्ये बंद आहे, आधी ते चालू करून बघा. आत काय असतं तर प्रत्येक पट्टीखाली रबरात दोन कॉन्टॅक्ट असतात, पहिला आणि दुसरा टेकण्यात किती वेळ गेला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून जोर ठरवतं. हे आता दहा-पंधरा हजाराच्या कीबोर्डात पण मिळतं, त्यामुळे नसेल तर सरळ पुढे व्हा. फरक पडतो तो नियंत्रणात, महागड्यात हळूपासून जोरापर्यंत मधल्या पायऱ्या पुष्कळ सापडतात, स्वस्तात बरेचदा हळू आणि जोरात अशा दोनच तऱ्हा हाताला लागतात. डोळे मिटून एकच सूर हळूहळू वाढवत दहा वेळा वाजवा, किती पायऱ्या ऐकू आल्या ते तुमचं तुम्हाला कळेल.

आवाज तपासताना 'सहाशे टोन, दोनशे रिदम' हे खोक्यावरचं वाचून भुलायचं नाही. कॅसिओच्या सीटी-एक्स७०० मध्ये ६०० टोन, यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये ६२२, आता त्या बावीसाने काय फरक पडणार? त्यातले तुम्ही पंधरा-वीस वाजवणार. हेडफोन लावून पियानो घ्या, मधली एक पट्टी दाबून धरा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका. चांगल्या सॅम्पलमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात, सूर विरताना रंग बदलतो, हलक्यात एक-दोन सेकंदानंतर तोच तुकडा गोल गोल फिरतो आणि ऑर्गनसारखा सपाट ऐकू येतो. मग स्ट्रिंग्ज आणि बासरी असंच करा. २०१८ ला कॅसिओने सीटी-एक्स सिरीजमध्ये एआयएक्स नावाचं नवीन साउंड इंजिन आणलं तेव्हापासून ह्या परीक्षेत कॅसिओ बऱ्यापैकी पास होतो, त्याच्या आधीचे होत नव्हते, हे माझं कान लावून झालेलं मत. स्पीकरवर ऐकून मात्र ठरवू नका, दुकानात पंखा, रस्ता, शेजारी कोणीतरी ऑक्टापॅड बडवतोय, त्यात जो मोठा वाजतो तोच भारी वाटतो.

पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात. वरचे दोन्ही ४८ चे आहेत. ४८ बोटं कोणाला आहेत असं वाटेल पण स्टाइल चालू असताना ड्रम, बेस, गिटार सगळे त्यातलेच खातात, दोन टोनची लेयर केली की तुमचा एक सूर दोन मोजला जातो, आणि सूर धरून ठेवणारं पेडल दाबलं की जुने सूर अडकून बसतात. तपासायचं असं की स्टाइल चालू करा, पेडल दाबा, खालचा एक खर्ज सूर वाजवून ठेवा आणि वरून भराभर ताना घ्या, खर्ज मध्येच गायब झाला तर कळलं. भजनाला हे कधी अडत नाही, पियानोच्या पीसेसना अडतं.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काय तर पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली ओढायचं चाक, आणि तेच लोक विसरतात. पेटीवर मींड येत नाही, कीबोर्डवर येते ती ह्या चाकामुळे, बासरी-सनई-सारंगीचे टोन त्याच्याशिवाय मेल्यासारखे वाजतात. आणि इथे गंमत बघा, यामाहाच्या पीएसआर-ई३७३ ला पिच बेंडचं चाक नाही. यामाहाच्याच ई४७३ ला आहे, कॅसिओच्याच सीटी-एस२०० ला नाही पण सीटी-एस३०० ला आहे. म्हणजे ब्रँड विचारून काहीच कळत नाही, मॉडेल बघावं लागतं. चाक फिरवल्यावर साधारण दोन सेमीटोन, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत जातं, ही रेंज वाढवता येते का ते मेनूत बघा. मग मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, चाक पूर्ण फिरवून सोडा, सूर परत बरोबर सा वर येऊन बसतो का ऐका. केसभर वर-खाली राहिला तर तो पीस घेऊ नका, दुसरा काढायला सांगा.

ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून गाण्याचा सा वर-खाली सरकवणं, हल्ली सगळ्यांना असतं, पण ते बटण किती पटकन हाताला लागतं ते बघा. काळी एक मधून काळी पाच मध्ये जायला तीन मेनू उघडायला लागत असतील तर गाणारी बाई तुमच्याकडे बघत उभी राहणार. आणि बारीक ट्यूनिंग पण हवं, कारण जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही, पेटीबरोबर वाजवायचं झालं तर कीबोर्डच हलवावा लागतो, पेटी थोडीच हलणारे. भारतीय टोन आणि ठेके हवे असतील तर कॅसिओचे नावाच्या शेवटी 'आयएन' असलेले आणि यामाहाचे पीएसआर-आय वाले इथल्यासाठीच काढलेत, तबला-तानपुरा आत आहे. तबल्याचा ठेका ऐकताना सम कुठे येते ते कळतंय का बघा, नुसता ताक-धिन आवाज पुरत नाही.

स्टेजवर जाणार असाल तर मागची बाजू आधी बघा. सीटी-एक्स७०० ला फक्त हेडफोनचं भोक आहे, सीटी-एक्स५००० आणि यामाहा ई४७३ ला लेफ्ट-राइट वेगळे आउटपुट आहेत. हेडफोनच्या भोकातून काम होतं, पण साउंडवाल्याने स्टीरिओ केबल मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड चॅनेलला लावली की तो चॅनेल दोन्ही बाजूंची वजाबाकी करतो, आणि मधोमध असलेले आवाज, बेस, किक, हे सगळे गुल होतात. मंडपात "कीबोर्ड पातळ वाजतोय, कंपनी फालतू आहे" असं जे ऐकू येतं ना, त्यात बरेचदा दोष त्या केबलचा असतो. एका स्टीरिओ पिनच्या दोन मोनो पिना करणारी केबल स्वतःजवळ ठेवा आणि मिक्सरवर दोन चॅनेल मागून घ्या.

ह्याच्या पुढे मात्र स्वस्तवाला हरतो, आणि ते मान्य करावं. यामाहाचा जेनॉस किंवा कॉर्गचा पीए५एक्स, लाखांतली वाद्यं ही, ह्यांच्या स्टाइल्स ऐकल्या की कळतं खऱ्या वादकांचा हात त्यात कसा उतरलाय, व्हेरिएशन बदलताना ठेका अडखळत नाही, जेनॉसमध्ये पट्टी दाबल्यावर वरून अजून दाब दिला की सूर बदलतो. पूर्ण ऑर्केस्ट्रा एकट्याने ओढायचा असेल तर त्याला तोड नाही. पण मोठ्या ब्रँडचं स्वस्त मॉडेल म्हणजे मोठ्या मॉडेलचा लहान भाऊ अशा समजुतीत राहू नका, ते पण त्या त्या बजेटमध्येच कापून बनवतात. रोलंडचा एक्सपीएस-१० आपल्याकडे स्टेजवर बराच दिसतो, त्याला स्पीकरच नाहीत, घरी रियाझाला आणलात तर आधी हेडफोन किंवा स्पीकर शोधायला लागेल.

बजेट खरंच कमी असेल तर एक मधला रस्ता आहे, यूएसबी-मिडी. टच आणि यूएसबी असलेला साधा कीबोर्ड लॅपटॉपला किंवा आयपॅडला जोडा आणि आवाज त्यातल्या सॉफ्टवेअरचे वापरा, तिथे हजारांच्या कीबोर्डातून लाखांच्या तोडीचा पियानो निघतो. अँड्रॉइडवर पट्टी दाबल्यावर आवाज यायला उशीर होऊ शकतो, म्हणून आधी स्वतःच्याच फोनवर जोडून बघा. ही युक्ती घरी आणि रेकॉर्डिंगला झकास, पण वरातीत टेम्पोवर लॅपटॉप घेऊन चढू नका.

ॲडॅप्टर कंपनीचाच घ्या, सीटी-एक्स७०० चा साडेनऊ व्होल्टचा आहे, यामाहाच्या ह्या छोट्या पीएसआरचा बारा, पिन कशीबशी बसली म्हणून दुसऱ्याचा लावला तर कीबोर्ड जाऊ शकतो. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का ते विचारा, नाहीतर मुंबई-पुण्याला पाठवायचा खर्च तुमचा.

जुना घेत असाल, म्हणजे नवीन स्वस्ताच्या पैशात जुना महागडा, तर माझ्या मते क्लासवाल्या पोरासाठी नवीन स्वस्तच बरा, पण वाजवता येणाऱ्याने जुना जरूर बघावा. फक्त सगळ्या पट्ट्या एकेक करून हळू दाबून बघा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या कीबोर्डात हमखास एखादी पट्टी हळू दाबली तरी एकदम किंचाळते किंवा वाजतच नाही, तिच्याखालचा कॉन्टॅक्ट खराब झालेला असतो. साफ करून किंवा रबराची पट्टी बदलून बरेचदा काम होतं आणि खर्चही फार नसतो, पण हे विकणाऱ्याला सांगू नका, आधी भाव पाडून घ्या.