युद्धात मारल्या गेलेल्या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूचे चरित्र कसे लिहावे

पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एखाद्या इंग्लिश फुटबॉलपटूविषयी लिहायला घेतले की सर्वांत आधी हाती लागतो तो त्याचा मृत्यू. तारीख, पलटण आणि स्मारकावरचे नाव थोड्याशा शोधात सापडते. मग तेवढ्यावरच लेख उभा राहतो आणि त्यात तीस-बत्तीस वर्षांचे आयुष्य दोन ओळींत, तर शेवटची सकाळ दोन परिच्छेदांत येते. ज्याने आयुष्याची बहुतेक वर्षे मैदानावर आणि शाळेच्या वर्गात घालवली, त्याच्यावर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. त्यामुळे शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे येथे प्रामुख्याने एव्हलिन हेन्री लिंटॉट या पेशाने शिक्षक असलेल्या खेळाडूच्या उदाहरणावरून सांगितले आहे.

सुरुवात जन्मापासूनच करावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी होत आली असून तिच्या सूची त्या काळात तिमाहीप्रमाणे लावलेल्या असत, त्यामुळे महिना नेमका ठाऊक नसला तरी शोध अडत नाही. लिंटॉटचा जन्म २ नोव्हेंबर १८८३ रोजी सरे परगण्यातील गोडाल्मिंग येथे झाला. त्यानंतर १८९१, १९०१ आणि १९११ या तिन्ही जनगणना ओळीने पाहाव्यात, कारण घरात कोण होते, वडील काय करत आणि मुलगा कोणत्या गावी राहायला गेला, हे त्यांतूनच कळते. १९११ च्या जनगणनेतील व्यवसायाचा रकाना विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण खेळाडूने स्वतःला फुटबॉलपटू म्हणवले की दुसरा एखादा पेशा लिहिला, यावरून तो खेळाकडे कसा पाहत होता याचा अंदाज बांधता येतो. एव्हलिन हे नाव आज बहुधा स्त्रियांचे समजले जाते, म्हणून अशा नावाचा शोध केवळ आद्याक्षरांवरून आणि लिंगाची अट न घालताही एकदा घ्यावा.

यानंतरचा भाग खेळाचा, आणि चरित्राचा खरा गाभा तोच आहे. त्या काळाविषयी लिहिताना खेळाडू हौशी होता की व्यावसायिक, हा प्रश्न आधी सोडवावा. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळण्यास १८८५ साली मान्यता मिळाली आणि १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा लागू झाली. हाती शिक्षकाची पदवी असलेल्या माणसाने या परिस्थितीत काय करावे, हा निर्णय सोपा नव्हता. लिंटॉटने एक्सेटरच्या सेंट ल्यूक्स महाविद्यालयात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले होते. वोकिंग आणि प्लिमथ आर्गाइलकडून खेळल्यावर तो क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये आला, आणि हौशी असतानाच १९०८ साली इंग्लंडच्या मुख्य संघात निवडला गेला. त्या क्लबचा तो पहिला इंग्लंड खेळाडू ठरला. त्याच वर्षी त्याने ब्रॅडफर्ड सिटीशी व्यावसायिक करार केला, १९१२ मध्ये तो लीड्स सिटीकडे गेला आणि एकूण सात वेळा देशाकडून खेळला. हा तपशील नुसता क्लबांच्या यादीसारखा न देता, प्रत्येक बदलामागे पैसा होता, नोकरी होती की खेळाची पातळी, हे विचारत पुढे जावे. १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्षपदही लिंटॉटने भूषवले होते. खेळाडूंच्या वेतनाचा आणि हक्कांचा झगडा जोरात असताना एका शिक्षकाने ती जबाबदारी घेतली, ही गोष्ट माझ्या मते त्याच्या सातही आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा त्याच्याविषयी अधिक सांगते, आणि तिला चरित्रात भरपूर जागा मिळायला हवी.

सामन्यांची संख्या देताना तिच्यात काय धरले आहे ते स्पष्ट लिहावे. क्वीन्स पार्क रेंजर्सने १९०७-०८ मध्ये जिंकलेली सदर्न लीग ही फुटबॉल लीगहून वेगळी स्पर्धा होती, त्यामुळे तिथले सामने अनेक तक्त्यांत दिसतच नाहीत. सप्टेंबर १९१५ पासून युद्ध संपेपर्यंत प्रादेशिक सामने होत राहिले, परंतु तेही अधिकृत आकड्यांत धरले जात नाहीत. हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो, म्हणून ‘१९०८ मध्ये’ असे लिहिण्यापूर्वी तो कोणता हंगाम होता हे तपासावे. खेळाडूची जागाही त्या काळच्या शब्दांतच सांगावी. लिंटॉट लेफ्ट हाफ होता, आणि दोन बॅक, तीन हाफ बॅक व पाच फॉरवर्ड अशा रचनेतील हाफ बॅकचे काम आजच्या मिडफिल्डरच्या कामाशी तंतोतंत जुळत नाही.

क्लबच्या दप्तरावर मात्र फार विसंबून राहू नये. युद्धकाळात खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याच्या आरोपांची चौकशी झाली तेव्हा लीड्स सिटीने आपली कागदपत्रे सादर केली नाहीत, आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये लीगने त्या क्लबला काढून टाकले. अशा वेळी स्थानिक वृत्तपत्रे आणि मँचेस्टरचे ‘ॲथलेटिक न्यूज’ यांचाच आधार उरतो. वृत्तांतात बहुधा केवळ आडनाव छापलेले असते, म्हणून एकाच आडनावाचे दोन खेळाडू एकमेकांत मिसळू नयेत यासाठी सामन्याच्या आधीची आणि नंतरची बातमीही वाचावी.

लष्करी कागदपत्रांकडे वळताना तो साधा सैनिक होता की अधिकारी, हे आधी ठरवावे. सैनिकांच्या सेवानोंदी लंडनमधील आर्नसाइड स्ट्रीट येथील गोदामात ठेवलेल्या होत्या आणि सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात त्यांतील निम्म्याहून अधिक जळून गेल्या. वाचलेला भाग लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खाते) ३६३ या मालिकेत आहे. अधिकाऱ्यांच्या फायली डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४ मध्ये, तर पदकांची कार्डे डब्ल्यूओ ३७२ मध्ये मिळतात. सेवानोंद सापडली नाही तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण डब्ल्यूओ ९५ मधील बटालियनच्या युद्ध दैनंदिनीवरून त्या तुकडीचा प्रवास दिवसागणिक समजतो. या दैनंदिन्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात, पण साधे सैनिक बहुधा निव्वळ संख्येने मोजलेले असतात, म्हणून साध्या सैनिकाचे चरित्र त्याच्या तुकडीच्या हालचालींवरूनच उभे करावे लागते. लिंटॉट सप्टेंबर १९१४ मध्ये वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये, म्हणजे ‘लीड्स पाल्स’ (एकाच शहरातील मित्रांची तुकडी) मध्ये, दाखल झाला आणि लवकरच अधिकारी बनला. ही बटालियन डिसेंबर १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तला गेली आणि मार्च १९१६ मध्ये फ्रान्समध्ये पोहोचली.

प्रत्येक फुटबॉलपटू १५ डिसेंबर १९१४ रोजी फुलम टाउन हॉलमधील सभेत उभारलेल्या ‘फुटबॉल बटालियन’मध्येच होता असे गृहीत धरू नये. ‘पहिला’ या शब्दापासूनही सावध राहावे. ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यूचा डोनाल्ड बेल, ज्याला ५ जुलै १९१६ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि जो त्यानंतर पाचच दिवसांनी मारला गेला, तो सैन्यात दाखल झालेला पहिला व्यावसायिक खेळाडू होता असे वारंवार लिहिले जाते. पण तो नोव्हेंबर १९१४ मध्ये दाखल झाला, आणि लिंटॉट त्याआधीच गेला होता.

आता मृत्यूची नोंद. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मारले गेले, आणि सेर गावासमोर पडलेला लिंटॉट त्यांपैकी एक होता. दोनदा गोळी लागूनही तो आपल्या माणसांना पुढे नेत राहिला आणि तिसऱ्या गोळीने कोसळला, असे सांगणारे एका सैनिकाचे पत्र तेव्हा वृत्तपत्रात छापून आले होते. अशी पत्रे नाकारू नयेत, मात्र ती शोकाकुल घरांसाठी आणि शहरासाठी लिहिलेली असत हे ध्यानात ठेवून ‘पत्रात असे म्हटले आहे’ अशी नोंद करावी. याच युद्धात मारला गेलेला दुसरा फुटबॉलपटू अधिकारी वॉल्टर टल याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक देण्याची शिफारस झाली होती, हे विधानही एका सहकारी अधिकाऱ्याच्या सांत्वनपत्रावर उभे आहे, म्हणून तेही त्याच शब्दांत मांडावे. लिंटॉटचे नाव थिएपवाल स्मारकावर आहे आणि टलचे आरास स्मारकावर. ही दोन्ही स्मारके ज्यांची कबर ज्ञात नाही अशांसाठी आहेत, त्यामुळे ‘तेथे दफन केले’ असे लिहिणे चूक ठरते.

शेवटी मागे राहिलेल्यांचा शोध घ्यावा. इंग्लंड आणि वेल्समधील मृत्युपत्रांच्या सूची १८५८ पासून मिळतात, तर मृत सैनिकांच्या थकीत पगाराच्या व मिळकतीच्या वह्या लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमकडे असून त्यांत रक्कम कोणाला मिळाली याची नोंद असते. या नावांवरून वंशज सापडले तर घरातील पत्रे किंवा छायाचित्रे छापण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि हयात व्यक्तींची नावे व पत्ते लेखात देऊ नयेत.