जुना कन्सोल, नवा टीव्ही

जुना गेम कन्सोल नव्या टीव्हीला जोडताना केबलच्या आधी अ‍ॅडॉप्टर बघा. मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) देतो, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला मात्र डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) लागतो. अदलाबदल झाली तर मेगा ड्राइव्ह जळू शकतो.

आता चित्र. हे कन्सोल २४०पी (दर वेळी २४० ओळींचं पूर्ण चित्र) सिग्नल पाठवतात आणि बरेच नवे टीव्ही त्याला ४८०आय (एकाआड एक ओळींचं अर्धं-अर्धं चित्र) समजतात. मग चित्र थरथरतं, बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. जुना सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारे स्वस्त कन्व्हर्टरही बहुधा हेच करतात. पैसे घालायचेच तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंक या खास जुन्या कन्सोलसाठीच्या कन्व्हर्टरमध्ये घाला. सुपर निन्टेन्डोचं मूळ मॉडेल असेल तर नेहमीची पिवळी व्हिडिओ पिन सोडून एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे पाठवणारी) केबल घ्या. अक्षरांच्या कडेला ओघळणारा रंग जागेवर बसतो, तो फरक बघून मला अजूनही आनंद होतो. टीव्हीवर गेम मोड (उशीर कमी करणारी सेटिंग) चालू ठेवा, चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण जुन्या टीव्हीसारखं ४:३.

कार्ट्रिज (गेमची कॅसेट) चालत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा. काडी काळी व्हायची थांबेपर्यंत पुसायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं. सेव्ह केलेला खेळ टिकत नसेल तर कार्ट्रिजमधला सेल संपत आलाय.

एनईएसची झॅपर ही पडद्यावर नेम धरायची खेळातली बंदूक मात्र एलसीडीवर चालत नाही, तिला सीआरटी म्हणजे काचेच्या नळीचा जुना टीव्हीच हवा.