रात्रबाजारासाठी सुटा होणारा खाद्यस्टॉल: बांधणीआधीची तयारी

स्टॉलचा आराखडा काढताना बहुतेकांचे लक्ष आधी दर्शनी भागाकडे जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की विचाराची सुरुवात बाजार उठल्यानंतरच्या अर्ध्या तासापासून करावी. दिवसभर दमलेल्या दोन माणसांना अपुऱ्या उजेडात जो स्टॉल सोडवून, पुसून गाडीत भरता येत नाही, तो कितीही देखणा असला तरी लवकरच नकोसा होतो. म्हणून पाइप कापण्याआधी गाडीच्या आतली लांबी-रुंदी, चाकांवरचे उंचवटे आणि विशेषतः दाराची मोकळी रुंदी मोजून घ्यावी, कारण दार आतल्या जागेपेक्षा बहुधा अरुंद असते. एकट्याने उचलायचा कोणताही भाग २० किलोंच्या आत ठेवावा, आणि उभारणीत सर्वांत आधी लागणारा सांगाडा गाडीत सर्वांत शेवटी भरला जाईल असा क्रम कागदावरच ठरवावा.

सांगाड्यासाठी २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप सोयीचा पडतो. लोखंड जोडायला सोपे पण जड आणि गंजणारे, तर ॲल्युमिनियम हलके असले तरी त्याचे वेल्डिंग सरावाच्या हातानेच करून घ्यावे. ओट्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर धरतात, पण चिरण्याचे काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा फळी १० ते १५ सेंटिमीटर खाली आहे ना, हे त्याला प्रत्यक्ष उभे करून पाहावे. जमीन सपाट मिळेलच असे नसल्याने प्रत्येक पायाला आट्यांचा, कमीजास्त करता येणारा बूड हवा.

जोडणीच्या बारीक सामानाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या स्टॉलचा एक विंग नट (हाताने फिरवायचा, दोन पंख असलेला नट) अंधारात खडीत पडला, शोधूनही सापडला नाही, आणि ती संपूर्ण रात्र ओट्याचा एक पाय सुतळीने आवळून काढावी लागली. उकळत्या तेलाची कढई त्याच ओट्यावर होती, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते. तेव्हापासून प्रत्येक खीळ बारीक साखळीने सांगाड्यालाच अडकवलेली असते आणि जुळणाऱ्या टोकांना एकाच रंगाचा पट्टा असतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरचा कप्पा बंद पेटीसारखा न करता त्याला खालच्या बाजूला झरोके ठेवावेत, सिलिंडर उभाच आणि शेगडीच्या आचेपासून दूर असावा, आणि दर संध्याकाळी रेग्युलेटर व नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. तेलाच्या आगीवर पाणी कधीही टाकायचे नसते, म्हणून तेलाच्या आगीसाठीचे अग्निशामक आणि आग झाकायचे ब्लँकेट हाताशी, पण शेगडीपलीकडे हात घालावा न लागेल अशा जागी टांगावे.

दिव्यांचा हिशेब सोपा आहे. १० वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास लावले तर २०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्टची २० ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी २४० देते, तर लेड-ॲसिड निम्मीच वापरणे हितावह असल्याने ती ४० ॲम्पिअर-तासांची घ्यावी. ग्राहकाच्या बाजूला पिवळसर उजेड छान दिसतो, मात्र पदार्थ नीट शिजला की नाही हे ओळखण्यासाठी शेगडीवर पांढरा दिवा हवाच.

पाण्याचे २० लिटर म्हणजे २० किलो वजन, हे भार मोजताना विसरू नये, आणि सांडपाण्याचा कॅन स्वच्छ पाण्याच्या कॅनपेक्षा मोठा असावा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील एवढी सोय करून थर्मामीटर सोबत बाळगावा.

वाऱ्यात छत शिडासारखे फुगते. फरसबंद जागेत खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा चारही पायांना वजने घट्ट बांधावीत. वजन म्हणून रोजच्या वापरातल्या पाण्याचे कॅन लावण्याचा मोह टाळावा, कारण रात्र चढते तसे ते रिकामे होतात.

पहिल्या बाजाराआधी अंगणातले दिवे मालवून, घड्याळ लावून, स्टॉल पूर्ण उभारून पुन्हा गाडीत भरून पाहावा, आणि जिथे हात अडखळेल तो सांधा दुसऱ्याच दिवशी बदलून घ्यावा.