या चुका टाळा: स्टेजवर टाळ्या घेणारा गळा स्टुडिओत का अडखळतो?

स्टुडिओत पहिल्यांदा येणारा गायक बऱ्याचदा नवखा नसतोच. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो स्पर्धा आणि कार्यक्रम गाजवत आलेला असतो. खरी गोम तिथंच आहे. ज्या सवयींनी लहानपणी बक्षिसं मिळवून दिली, नेमक्या त्याच माईकसमोर आडव्या येतात. मी रेकॉर्डिस्टच्या खुर्चीतून हे इतक्यांदा पाहिलंय की गायक पहिली ओळ गातो तेव्हाच पुढचा तास कसा जाणार याचा अंदाज येतो.

गळा बदलला, पट्टी तीच

मध्यंतरी एक मुलगी आली होती, वय एकोणीस. अकराव्या वर्षी ज्या गाण्यावर पहिली आली होती, तेच तिला रेकॉर्ड करायचं होतं. ट्रॅकही (मागे वाजणारं तयार संगीत) तोच, काळी पाचचा, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी सा धरून केलेला. मुखडा झकास झाला. अंतऱ्यात तार सा आला आणि हनुवटी वर गेली, खांदे उचलले गेले, मानेच्या शिरा काचेपलीकडून दिसायला लागल्या. सातव्या टेकला, म्हणजे सातव्यांदा गाऊन रेकॉर्ड करताना, आवाज फाटला. ‘आज रियाज झाला नाही ना,’ ती म्हणाली. ट्रॅक काळी चारला उतरवला आणि न सांगता वाजवला. तिसऱ्या टेकला अंतरा पार!

रियाजाचा प्रश्नच नव्हता. लहान मुलाच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण 300 असतात, प्रौढ स्त्रीची 200च्या आसपास, प्रौढ पुरुषाची 125च्या. वयात येताना मुलांचा आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, फक्त थोडा, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पट्टी ठरवताना आपण वर कुठवर पोचतो हे बघू नका. शब्दांसकट, लागोपाठ पाच वेळा, चेहरा न आवळता कुठवर गाता येतं ते बघा. खालचे सूर नुसती हवा होऊन जात नाहीत ना, तेही तपासा. आणि हो, तयार ट्रॅक सॉफ्टवेअरने खाली ओढणं चाचणीपुरतं ठीक. रिलीजसाठी तो नव्या पट्टीत वाजवून घ्या, ओढलेल्या ट्रॅकमधली वाद्यं चिकट आणि निर्जीव ऐकू येतात.

आवाज फुटत असलेल्या मुलाला तर जुन्या उंचीवर गायला लावूच नका. मधल्या सुरांत, हलकं गाऊ द्या. स्टीव्ही वंडरला 1963 साली, तेराव्या वर्षी, अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं मिळालं, तेव्हा त्याच्या नावामागे ‘लिटल’ लागायचं. पुढे आवाज बदलला, ‘लिटल’ही गळालं आणि कारकीर्द उभी राहिली ती बदललेल्या आवाजावर. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर काढे-गुळण्या पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर कुजबुजत बोलणं ही विश्रांती नव्हे, त्यानेही गळ्यावर ताण येऊ शकतो.

माईक म्हणजे शेवटच्या रांगेतला श्रोता नव्हे

स्टेजवर आवाज फेकायची सवय लागलेली असते. स्टुडिओतला माईक वीतभर अंतरावर असतो आणि तुमचा श्वासही टिपतो. तोंड चिकटवलंत तर आवाजाचा खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. भावनेच्या भरात मागे-पुढे झुललात तर एकाच ओळीत दोन वेगवेगळे आवाज येतात, मिक्सिंगवाला कपाळाला हात लावतो. प, फ, ब, भ या अक्षरांना हवेचा फटका बसतो, त्यासाठी माईकसमोर पॉप फिल्टरची जाळी लावा, शिवाय तोंड किंचित तिरकं ठेवा. सगळ्यात जोरकस ओळ आधी गाऊन दाखवा, लेव्हल तिच्यावर लावू द्या. पुष्कळ जण चाचणीला गुणगुणतात आणि टेकमध्ये गर्जतात. शून्य डेसिबलवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेवर, कापला गेलेला सूर नीटसा परत येत नाही.

हेडफोनमध्ये ट्रॅक मोठा असेल तर माणूस नकळत ओरडतो. भोवतालच्या आवाजानुसार आपण स्वतःचा आवाज चढवतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 सालीच मांडलं होतं. तेव्हा बेसूर वाटलं की आधी ट्रॅक कमी करायला सांगा, एक कान अर्धा मोकळा ठेवून बघा. उरलेल्या बेसूरपणाचं खापर गळ्यावर फोडायला नंतर वेळ आहे.

दर टेकला नवी हरकत किंवा मुरकी, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घेणं ही आणखी एक स्टेजची देणगी. मैफलीत ती शोभते. इथं चार टेकमधून चांगले तुकडे जोडायचे असतात, मुखड्यावर त्याच आवाजाचा दुसरा थर चढवायचा असतो. मुरकी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडली तर काहीच जुळत नाही. हरकती आदल्या दिवशी ठरवा, कागदावर खुणा करा.

हुबेहूब नकलेबद्दल एवढंच, की मूळ गायकाचं रेकॉर्डिंग श्रोत्याकडे आधीच आहे.

कागदपत्रं, जी कुणालाच आवडत नाहीत

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. कराओके ट्रॅक विकत घेतला म्हणजे यातला कुठलाही तुमचा झाला असं नाही. दुसऱ्याचं गाणं गाऊन रिलीज करायचं तर परवानगी लागते, आणि ती अपलोड करण्याआधी घ्यायची असते. नंतर हक्काचा दावा आला की गाणं काढलं जातं किंवा कमाई दुसऱ्याच्या खात्यात वळते. स्वतःचं गाणं असेल तर गीतकार, संगीतकार, गायक यांचा वाटा रेकॉर्डिंगच्याच दिवशी लिहून सह्या करा. गाणं चालायला लागल्यावर दोस्तांमध्येही हिशेब वेगळे निघतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-कोड मिळतो, तो जपून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर तुमची गाणी दोन अनोळखी माणसांच्या नावावर विखुरतात.

लहानपणी आईवडिलांनी तुमच्या वतीने सही केलेला करार कपाटात असेल तर तो काढा. मुदत किती, हक्क कुणाकडे, दुसरीकडे गायला मनाई आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या. स्टुडिओतून निघताना फक्त एमपीथ्री घेऊन जाऊ नका. मूळ वेव्ह फाइल्स, आवाज आणि वाद्यं वेगवेगळी, मागून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. सुरुवातीला सांगितलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने पेन ड्राइव्ह आणलाच नव्हता. आठवड्याने परत आली, तेव्हा मी जुन्या ट्रॅकवरचे सातही टेक मुद्दाम तिच्या फोल्डरमध्ये ठेवले होते.